चुना, नीळ आणि उजेड: महाराष्ट्रातील घरांच्या आतील भिंतींचा इतिहास

खोलीत येणाऱ्या नैसर्गिक उजेडानुसार भिंतींचा रंग निवडावा, हा विचार आज रंगकंपन्यांच्या पुस्तिकांतून आणि गृहसजावटीच्या सदरांतून नवा सल्ला म्हणून मांडला जातो. परंतु महाराष्ट्रात, विशेषतः देशावरच्या वाड्यांत आणि कोकणातल्या कौलारू घरांत, भिंतीवरचा रंग मुळात उजेडाची सोय म्हणूनच आला आणि शोभेचे साधन तो पुष्कळ उशिरा झाला. या दीर्घ काळात रंगाचा निर्णय खोलीचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावरून क्वचितच होत असे. खोली दारापासून किती आत आहे, तिथे चूल आहे की नाही आणि पावसाळ्यात तिच्या भिंतींना किती ओल येते, या तीन गोष्टी त्या काळी निर्णायक होत्या, आणि त्यांचा विसर पडल्यावरच दिशेचे नियम बाहेरून आले.

पेशवाईतील व त्यानंतरच्या वाड्याची रचना पाहिली, तर हे सहज ध्यानात येते. रस्त्याच्या बाजूला सुरक्षिततेसाठी खिडक्या थोड्या आणि लहान, भिंती जाड, आणि घराचा सगळा उजेड मधल्या उघड्या चौकातून घ्यायचा, अशी ही बांधणी होती. चौकाला लागून सोपा, सोप्याच्या आत माजघर, आणि माजघराच्याही पलीकडे देवघर, कोठीची खोली आणि बाळंतिणीची खोली, असा क्रम असल्यामुळे प्रत्येक उंबरठ्यागणिक उजेड घटत जाई. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणत आणि घराचे माप खणांत सांगत. चौकापासून दोन-तीन खण आत गेल्यावर तिथून आकाशाचा तुकडासुद्धा दिसत नसे. अशा खोलीत दिवसा जो काही उजेड असतो तो थेट आलेला नसतो. चौकाची फरसबंदी, समोरची भिंत, सोप्याचे आढे अशा पृष्ठभागांवर आपटून, परतून, पुन्हा आपटून तो आत पोहोचतो.

या परतून आलेल्या उजेडाचे गणित रंगाचे महत्त्व स्पष्ट करते. एखाद्या पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशाचा जो भाग परत फेकला जातो, त्याला त्या पृष्ठभागाची परावर्तनक्षमता म्हणतात. खोलीतल्या सर्व पृष्ठभागांची सरासरी परावर्तनक्षमता शेकडा ७० असेल, तर वारंवार परतणाऱ्या प्रकाशाची एकूण बेरीज भिंतींवर प्रथम पडलेल्या प्रकाशाच्या सव्वादोन पटींहून थोडी अधिक होते. तीच क्षमता शेकडा ३० असेल, तर ही बेरीज मूळ प्रकाशाच्या निम्म्याहूनही कमी भरते. म्हणजे भिंत पांढरी आणि भिंत मातकट यांत परतलेल्या उजेडापुरता पाचपटींहून अधिक फरक पडतो. खिडकीजवळ, जिथे आकाशाचा थेट प्रकाश आहे, तिथे हा फरक फारसा जाणवत नाही. जिथे सगळी भिस्त परतलेल्या प्रकाशावरच आहे, त्या माजघरात मात्र तो दिवस आणि तिन्हीसांज यांच्यातला फरक ठरतो. सोप्याच्या भिंतीवर गेरूचा पट्टा किंवा चित्रे चालत, पण माजघराला मात्र चुन्याचा पांढरा हातच द्यावा लागे, यामागचे कारण हेच होते.

हा चुना कुठून येई, हेही पाहण्यासारखे आहे. दख्खनचे पठार काळ्या बसाल्ट खडकाचे असल्यामुळे तिथे चुनखडकाच्या मोठ्या खाणी नाहीत. काळ्या मातीत आणि ओढ्यांच्या काठी सापडणारे चुनखडीचे खडे गोळा करून भट्टीत भाजत. त्यात मातीचा अंश असल्यामुळे हा चुना बांधकामाला उत्तम, पण रंगाने किंचित करडा असे. कोकणपट्टीत शिंपले भाजून केलेला चुना मिळे. तो अधिक शुद्ध आणि अधिक पांढरा असल्यामुळे भिंतींच्या सफेदीसाठी त्याला विशेष मान होता. भाजलेली चुनकळी पाण्यात विरवायची, ती उकळून शांत झाल्यावर काही दिवस मुरू द्यायची, मग फडक्यातून गाळून तिची निवळी करायची आणि भिंतीला नीट धरावी म्हणून तिच्यात डिंकाचे पाणी किंवा तांदळाची खळ घालायची, अशी ही कृती होती. नव्या भिंतीला तीन हात आणि जुन्या भिंतीला एक किंवा दोन हात देत. एक हात उभा, दुसरा आडवा, आणि पहिला वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हा रंगाऱ्यांचा दंडक होता.

या दंडकामागे पदार्थविज्ञानाची एक बारीक गोष्ट आहे. ओला चुना भिंतीवर जवळजवळ दिसतच नाही. खालचा डाग, खालची माती त्यातून स्पष्ट दिसत राहते, आणि तो वाळू लागला की मग हळूहळू पांढरेपणा वर येतो. याचे कारण असे की चुन्याचे कण प्रकाशाला फार वाकवणारे नाहीत. कणांमधल्या बारीक पोकळ्यांत हवा असते तेव्हाच प्रकाश विखुरतो आणि भिंत पांढरी भासते, आणि त्या पोकळ्यांत पाणी भरले की चुना अर्धपारदर्शक होतो. नवशिका रंगारी ओल्या हाताकडे पाहून आणखी जाड थर देतो, आणि तोच थर पुढे पोपडे धरून निघतो. पण या गुणाचा खरा फटका पावसाळ्यात बसत असे. ज्या चार महिन्यांत आभाळ भरलेले, दारे-खिडक्या झाकलेल्या आणि उजेड मुळातच कमी, त्याच महिन्यांत भिंती ओल पिऊन करड्या पडत, म्हणजे घराला पांढरेपणाची सर्वाधिक गरज असतानाच तो हरवत असे.

दिवाळीपूर्वी घर रंगवण्याच्या रिवाजाकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यातली व्यवहारबुद्धी कळते. आश्विनात पाऊस संपलेला असतो, ऑक्टोबरचे ऊन भिंतींतली ओल ओढून घेते, आणि चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा खडकासारखा घट्ट होण्यास तो काळ सोयीचा असतो. ताज्या चुन्याचा क्षार इतका तीव्र असतो की शेवाळ, बुरशी आणि किडे-मुंग्या त्यापुढे टिकत नाहीत. शिवाय दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेकडच्या दारांतून ऊन अधिक आत येऊ लागते, त्यामुळे नव्या सफेदीचा लाभ पुढचे चार-पाच महिने पुरेपूर मिळे. हा शेवटचा लाभ कोणी हेरून घेतला असेल असे मानण्याचे कारण नाही, पण तो मिळत होता एवढे खरे.

चुन्यात नीळ घालण्याची पद्धत या सफेदीचा दुसरा अध्याय म्हणावी लागेल. चुना कितीही गाळला तरी त्यात लोहाच्या अंशामुळे किंचित पिवळसर झाक राहते, आणि मंद उजेडात ती झाक मळकट वाटते. निळीचा अत्यल्प अंश पिवळा प्रकाश शोषून घेतो आणि भिंत अधिक पांढरी भासते. गंमत अशी की या क्रियेत भिंतीवरून परत येणारा एकूण प्रकाश वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. म्हणजे वाढते ती केवळ पांढरेपणाची जाणीव. पूर्वी यासाठी झाडापासून काढलेली नीळ वापरत. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्विमे याने कृत्रिम अल्ट्रामरिन तयार करण्याची रीत यशस्वी केली आणि पुढे हीच स्वस्त निळी पूड कपड्यांसाठी पुड्यांतून जगभर विकली जाऊ लागली. भारतात ती घरोघरी पोहोचल्यावर धुण्याची नीळ आणि भिंतीची नीळ एकच झाली. काही घरांत निळीचा हात इतका सढळ होऊ लागला की पांढऱ्याऐवजी आकाशीच भिंती तयार झाल्या, आणि कोकणातल्या व देशावरच्या गावांत आजही दिसणाऱ्या निळ्या खोल्यांचा उगम बहुधा याच सढळपणात आहे.

रंग निवडण्याचे स्वातंत्र्य त्या काळी मुळातच तुटपुंजे होते, ही गोष्ट विसरता येत नाही. चुन्याच्या तीव्र क्षारात बहुतेक रंग टिकत नाहीत; प्रशियन निळ्यासारखा प्रसिद्ध रंगसुद्धा चुन्यात पडताच नष्ट होतो. टिकणारे रंग म्हणजे मातीचे: गेरू, पिवडी, हिरमुंजी आणि काजळी. मोरचूद, म्हणजे तांब्याचे निळे क्षार, चुन्यात घातले तर फिकट हिरवट निळी छटा मिळे आणि बुरशीलाही आळा बसे. गेरूचा वापर बहुधा भिंतीच्या पायथ्याशी होई. सारवताना उडणारे शेणाचे शिंतोडे, बसणाऱ्याची पाठ आणि मुलांचे हात जिथे लागतात तो भाग तांबडा ठेवायचा आणि वरचा पांढरा, अशी ही विभागणी होती. उजेडाच्या दृष्टीने ती अचूक होती, कारण आत शिरणारा प्रकाश आढ्याकडून आणि भिंतीच्या वरच्या भागातून परतूनच खोलीभर पसरतो. पायथ्याचा पट्टा गडद असला तरी त्याने फार नुकसान होत नाही. स्वयंपाकघराला मात्र रंगाचा विचार लागूच नव्हता. चुलीच्या धुराने वर्षभरात तुळ्या आणि भिंतीचा वरचा भाग काळाकुट्ट होई, आणि म्हणून तिथला खरा उपाय म्हणजे कौलांत बसवलेले एखादे काचेचे कौल किंवा धूर जाण्यासाठी ठेवलेली फट.

श्रीमंतांच्या दिवाणखान्यात हा हिशोब उलटत असे. दिवाणखाना वरच्या मजल्यावर, खिडक्यांना लागून असल्याने तिथे उजेडाची चणचण नव्हती, आणि तिथेच चित्रांना जागा मिळाली. वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे अशाच जागी आहेत. शनिवारवाड्यात आरसे महाल होता आणि तिथे आरशांचे काम मुख्यतः रात्रीच्या दिव्यांचा प्रकाश वाढवण्याचे होते. धनिकांना रंगाची निवड करता येई ती उजेडाची निकड संपलेली असल्यामुळे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला डहाणू-जव्हार परिसरातल्या वारली घरांची रीत आहे. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या या घरांत खिडक्या जवळजवळ नसत आणि आतल्या अंधाराला चुन्याने उजळण्याचा प्रयत्नही झाला नाही. उलट गेरूने सारवलेल्या गडद भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांनी लग्नाचा चौक लिहिला जातो. अंधूक खोलीत डोळ्याला रंगांतला फरक कळेनासा होतो, पण उजळ आणि गडद यांतला फरक सर्वांत शेवटपर्यंत कळत राहतो. त्यामुळे ही पांढरी रेघ त्या उजेडात जितकी ठळक उमटते तितकी दुसरी कोणतीही उमटली नसती. आज हीच चित्रे झगझगीत दिवाणखान्यांत, पांढऱ्या भिंतींवर टांगली जातात तेव्हा त्यांचे निम्मे कारण मागे राहिलेले असते.

गोव्यात खिडकीनेच रंगाचे काम हलके केले. तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी एका जातीच्या चपट्या शिंपल्यांची अर्धपारदर्शक तावदाने बसवत, आणि अठराव्या शतकात मुंबईतल्या इंग्रजांच्या घरांनाही ती होती. शिंपल्यातून येणारे ऊन विखरून, मऊ होऊन खोलीत पडते. त्याची तिरीप डोळ्यांत जात नाही. अशा उजेडात गडद निळ्या, लाल किंवा पिवळ्या भिंतीसुद्धा सोसवतात. चर्च तेवढे पांढरे आणि घरे रंगीत असावीत असा पोर्तुगीज दंडक होता, असे गोव्यात सर्रास सांगितले जाते; तो दंडक बाहेरच्या भिंतींपुरता सांगितला जातो, आतल्या रंगांचे स्पष्टीकरण मात्र या खिडक्यांतच अधिक सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उजेड हा घरगुती सोयीचा विषय न राहता सरकारी विषय झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि त्यानंतर अंधाऱ्या, कोंदट खोल्या हेच रोगाचे मूळ आहे या समजुतीने सरकारी पथके घरांत शिरली. कौले काढून ऊन आत घेणे, सामान बाहेर काढणे आणि भिंतींना चुना मारणे हे उपाय सक्तीने झाले. जो चुना दिवाळीच्या आनंदाचा भाग होता, तो आता परक्या शिपायाच्या पहाऱ्यात मारला जाऊ लागला, आणि लोकांचा रोष केवळ शिवाशिवीपुरता होता असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याचे एक प्रमुख अधिकारी जे. पी. ऑर यांनी पुढे साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरला. म्हणजे दोन इमारतींमध्ये इतके अंतर असावे की तळमजल्यावरच्या खोलीलाही तेवढ्या कोनातून आकाश दिसेल. सरळ हिशोबात हे अंतर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मे भरते. उजेडाचा प्रश्न भिंतीच्या रंगावर न सोपवता इमारतींमधल्या अंतरावर सोपवणारा हा विचार मूलगामी होता, पण जागेच्या भावापुढे तो सर्वत्र टिकला नाही.

१९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींत मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या अशी रचना होती. खोलीला बाहेरच्या बाजूने उजेड मिळे, पण दाराकडचा भाग, जिथे मोरी आणि स्वयंपाक असे, तो दुपारीसुद्धा अंधारलेला राही. मुंबईच्या चाळीत माणसांची पाठ, पाणी आणि धूर या तिघांना पुरून उरेल असा रंग हवा होता. तो ऑइलपेंटच्या रूपाने आला. खांद्याच्या उंचीपर्यंत चॉकलेटी, हिरवा किंवा करडा ऑइलपेंट आणि त्यावर चुना, ही विभागणी गेरूच्या पट्ट्याचीच शहरी आवृत्ती होती. संपूर्ण खोलीला पांढरा ऑइलपेंट देण्याचा मोह ज्यांनी केला त्यांना मात्र एक वेगळाच अनुभव आला. जवसाच्या तेलातला पांढरा रंग भरपूर उजेडात पांढरा राहतो, पण अंधाऱ्या जागी तो महिन्या-महिन्याने पिवळा पडत जातो. म्हणजे ज्या कोपऱ्यासाठी तो आणला तिथेच तो फसत असे. फिकट हिरव्या किंवा पिस्ता रंगाच्या चाळीतल्या खोल्यांकडे अभिरुचीचा अभाव म्हणून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले नाही. पिवळेपणा हिरव्यात लपतो, पांढऱ्यात लपत नाही.

डिस्टेंपर हा चुना आणि ऑइलपेंट या दोहोंमधला मार्ग होता. खडूची बारीक पूड आणि सरस यांचे हे मिश्रण. चुन्याचा क्षार त्यात नसल्यामुळे प्रथमच नाजूक छटा शक्य झाल्या, आणि मोतिया, बदामी, अबोली, लिंबोळी ही रंगांची नावे भिंतींना लागू होऊ लागली. सरसाचे डिस्टेंपर ओल्या फडक्याने पुसले की निघून येई; तेल मिसळलेले, धुता येणारे डिस्टेंपर आल्यावर ही अडचण सरली. १९४२ मध्ये, युद्धामुळे परदेशी रंगांची आवक आटलेली असताना, मुंबईत चार तरुणांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी काढलेला कुंचला घेतलेला खोडकर गट्टू पुढे तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचला. याच सुमारास तिरुवनंतपुरम येथे टायटॅनियम डायऑक्साइडचे उत्पादन सुरू झाले. हा पांढरा पदार्थ चुन्यापेक्षा प्रकाशाला कितीतरी अधिक वाकवतो, त्यामुळे तो तेलात किंवा पाण्यात भिजलेला असतानाही पांढराच राहतो. पावसाळ्यात करडी पडणारी भिंत ही पिढ्यान्‌पिढ्यांची अडचण खऱ्या अर्थाने सुटली ती या पदार्थामुळे.

छापील रंगपट्ट्यांबरोबर युरोपातले नियमही आले. उत्तरेच्या खोलीत ऊन येत नाही, तिथला उजेड निळसर व थंड असतो, म्हणून तिथे पिवळे-तांबूस रंग द्यावेत. दक्षिणेच्या खोलीत निळे-हिरवे द्यावेत, हा तो नियम. लंडनसाठी तो योग्य आहे. महाराष्ट्र मात्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे ऊन उत्तरेच्या खिडकीतून तिरपे आत येते. जूननंतर ढगांमुळे चारही दिशांचा उजेड सारखाच करडा होतो. इथल्या घरात खरी त्रासदायक खोली पश्चिमेची, जिथे एप्रिलमध्ये चार वाजता भिंत तापलेली असते. आणि तिथेही रंगापेक्षा पडवी किंवा छज्जा अधिक कामी येतो. तरीही हा आयात नियम मराठी सदरांतून जसाच्या तसा फिरत राहिला, हे आश्चर्याचेच आहे.

या प्रश्नाचा देशी हवामानानुसार विचार रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत झाला. त्यावर आधारलेल्या भारतीय मानकात सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर असताना उघड्या जागी मिळणारा ८००० लक्स प्रकाश हा हिशोबाचा पाया धरला आहे. लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक. खोलीतला प्रकाश तीन भागांत मोजायचा: आकाशातून थेट आलेला, बाहेरच्या पृष्ठभागांवरून परतलेला आणि आतल्या भिंतींवरून परतलेला. आढे सर्वांत उजळ, भिंती त्याखालोखाल आणि जमीन गडद, ही त्यातली शिफारस वाड्यातल्या चुना-गेरूच्या विभागणीशी जुळते.

पण ही शिफारस घरोघरी पोहोचेपर्यंत ट्यूबलाइट आली होती. तिच्या निळसर प्रकाशात निळ्या-हिरव्या भिंती ताज्या दिसत आणि तांबूस रंग मरगळलेले, त्यामुळे रंगाची निवड रात्रीच्या दिव्याकडे पाहून होऊ लागली. १९९० च्या दशकात दुकानांत रंग मिसळणारी यंत्रे आली, हजारो छटा हाताशी आल्या, आणि त्यांतली छटा दुकानातल्या दिव्याखालीच ठरू लागली. भिंतीवर हातभर नमुना लावून तो वाळू द्यायचा, सकाळी आणि संध्याकाळी पाहायचा, आणि मगच बादली कालवायची, ही चुन्याच्या काळातली सक्तीची रीत होती, कारण वाळल्यावर रंग किती फिका पडेल हे आधी सांगताच येत नसे. ती काही जुन्या रंगाऱ्यांनी अजून सोडलेली नाही.

महानगरांत आता खोलीतल्या प्रकाशाच्या त्या तीन भागांपैकी मधला, म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागांवरून परतलेला भाग वरचढ होत चालला आहे. मुंबईतल्या दाटीवाटीने उभ्या असलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर आकाश दिसत नाही. दिवसाचा बहुतेक उजेड समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून येतो आणि त्या भिंतीचाच रंग घेऊन खोलीत पडतो. समोरची सोसायटी विटकरी रंग लावते तेव्हा या खोलीतली पांढरी भिंत तांबूस होते, आणि तो रंग कोणता असावा हे दुसऱ्याच कोणाच्या सर्वसाधारण सभेत ठरलेले असते.